आई-नानांसाठी मोबाइलची वही कशी लिहायची

मागच्या दिवाळीच्या आधी नानांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी, इथे इंदुरात जेल रोडवरून नवा मोबाइल आणला, चांगला मोठ्या स्क्रीनचा, आणि चौथ्या दिवशी सकाळी तो बोलायला लागला. म्हणजे नाना जिथे बोट लावतील तिथलं नाव एक बाई मोठ्यानं वाचून दाखवायची, पण उघडायचं काहीच नाही. नाना म्हणाले, "अगं ही कोण बाई बोलून राहिली, हिला सांग मला फक्त किती वाजले ते बघायचंय." आईंना वाटलं कुणाचा तरी फोन लागलाय, तर त्या पोह्यांखालचा गॅस बंद करून आल्या आणि अगदी आदबीनं विचारू लागल्या, "हॅलो, आपण कोण, कुणाकडे फोन लावलाय?" मग शेजारच्या काकू आल्या, त्या म्हणाल्या बंदच करून टाका, तर बंद करायचं बटणसुद्धा ती बाई नुसतं वाचून दाखवे. रविवारची सकाळ, रामबागेतल्या आमच्या घरात तीन म्हातारी माणसं त्या फोनभोवती बसून त्या बाईला समजावतायत, आणि मी अंघोळीहून बाहेर येईपर्यंत हे पाऊण तास चाललेलं.

ते होतं टॉकबॅक. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीची ही सोय आहे आणि फार मोलाची आहे, पण ती आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबली गेली की चालू होऊ शकते, आणि नाना फोन नव्या कव्हरमध्ये बसवत होते तेव्हा नेमकं तेच झालं, स्क्रीनवर काहीतरी विचारलं गेलं आणि त्यांनी हो म्हटलं. ती चालू असताना एकदा बोट लावलं तर फोन फक्त वाचतो, उघडायचं असेल तर लगेच दोनदा टकटक करावं लागतं, आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. बंद करायलाही तीच दोन बटणं तीन सेकंद. एवढंच. पण हे कुठे लिहिलेलं होतं? डब्यातला कागद नानांनी भिंग लावून सगळा वाचलेला होता, मुंगीएवढी अक्षरं, बारा घड्या. त्यांनी मला विचारलं हे एसएआर १.६ वॅट प्रति किलो म्हणजे काय. मी सांगितलं की फोनमधून निघणाऱ्या लहरी शरीरात किती शोषल्या जाव्यात याची ती आपल्याकडची मर्यादा आहे. तर म्हणाले, "बरं, आणि फोन उचलायचा कसा ते कोणत्या पानावर आहे?" कुठल्याच पानावर नव्हतं.

नानांनी सगळी नोकरी हिशेबाच्या वह्या लिहिण्यात काढली, केंद्र सरकारच्या खात्यात, एका पैशाचा फरक सापडेपर्यंत उठत नसत. अशा माणसाला सूचना समजत नाहीत असं मी मानायलाच तयार नाही. सूचना त्यांच्यासाठी लिहिलेल्याच नाहीत, ही खरी गोष्ट आहे. म्हणून त्या दिवसापासून मी एक वही सुरू केली आणि आता आमच्या आळीत चार घरांत अशा वह्या आहेत. ती कशी करायची ते सविस्तर लिहितेय, कारण व्हिडिओ बघून शिका असं सगळे सांगतात पण व्हिडिओ त्याच फोनमध्ये असतो ना, फोन अडला तर व्हिडिओ कशात बघणार. कागद अडत नाही, लाइट गेले तरी वाचता येतो.

वही साधी एकरेघी घ्या, दोनशे पानी. जाड काळं स्केचपेन, अक्षर बोराएवढं. एका पानावर एकच काम, आणि लिहायचं फक्त उजव्या पानावर, डावं पान त्यांच्यासाठी मोकळं, त्यांना जे अडेल ते त्यांनी तिथे लिहायचं. वहीला सुतळी बांधून जिथे चार्जर लावता तिथेच खिळ्याला टांगा. कपाटात ठेवली की संपलं.

पण लिहायच्या आधी दोन दिवस काहीच लिहायचं नाही, नुसतं शेजारी बसून बघायचं. आणि फोन त्यांच्या हातातून घ्यायचा नाही, ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आपले हात शिवशिवतात, "द्या इकडे" म्हणून आपण चार सेकंदात करून टाकतो आणि त्यांना त्यातलं काहीही दिसत नाही. हात पाठीमागे बांधून बसा. ते कशाला काय म्हणतात ते ऐका आणि तेच शब्द टिपून घ्या. आमच्या आई हिरव्या खुणेला हिरवा रिसीव्हर म्हणतात, कारण तो जुन्या काळ्या फोनच्या रिसीव्हरसारखाच दिसतो. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांना नाना तीन तीळ म्हणतात. सेटिंगच्या दातेरी चाकाला चक्र. आणि होम स्क्रीनला आईंनी एकदा सहज अंगण म्हटलं, म्हणाल्या कुठूनही हरवलं तरी तिथे आलं की बरं वाटतं. मी ते लगेच वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "हरवलात तर अंगणात या", आणि खाली ते बटण काढलं. तुमच्या घरात वेगळे शब्द निघतील, तेच वापरा, आमचे उचलू नका.

फोनची भाषा मराठी ठेवायची का इंग्रजी यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. नानांना इंग्रजी पटकन वाचता येतं, आईंना मराठी, तर दोघांचे फोन वेगवेगळ्या भाषेत आहेत आणि काही बिघडलं नाही. फक्त एक, स्क्रीनवर जे अक्षर दिसतं ते वहीत जसंच्या तसं चौकोनात लिहा. स्क्रीनवर "नकार द्या" असेल तर वहीत "कट करा" लिहून चालत नाही, त्या शोधत बसतात कट कुठाय.

आता बोटाची क्रिया. टॅप, लाँग प्रेस, स्वाइप हे शब्द आपण त्यांच्यावर फेकतो पण हातानं नक्की काय करायचं ते सांगत नाही. मी आईंना "स्वाइप करा" म्हटलं तर त्यांनी पदरानं काच स्वच्छ पुसून दिली, आणि पुसताना चुकून फोन उचललाही गेला, दोघी खूप हसलो. मग आम्ही असं ठरवलं. टॅप म्हणजे कुंकवाचं बोट, टेकवायचं आणि उचलायचं, कुणाच्या कपाळावर आपण बोट दाबून ठेवत नाही. लाँग प्रेस म्हणजे अंगठ्याचा ठसा, दाबून धरायचं. स्वाइप म्हणजे पंचांगाचं पान उलटणं, बोट टेकलेलंच आणि पुढे सरतंय. फोटो मोठा करायचा तर चिमूट उघडायची. हे चार कळले की निम्मी लढाई झाली, खरंच सांगते.

यातही एक गोष्ट लक्षात घ्या की म्हाताऱ्या बोटाला काच खरोखरच कमी दाद देते. ही काच बोटातून जाणाऱ्या अगदी बारीक विद्युतभारावर चालते, वयानं कातडी कोरडी होते, थंडीत तर फारच, मग दोनदा टेकवूनही काही होत नाही आणि माणूस जोरात दाबतो, जोरात म्हणजे जास्त वेळ, आणि फोनला वाटतं ठसा दिला, मग भलतीच यादी उघडते. नखानं टेकवलं तरी लागत नाही. आधी हाताला थोडं क्रीम लावून नीट चोळून घ्या, आणि सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टच अँड होल्ड डिले म्हणून जे असतं ते लाँग करा. नानांच्या निम्म्या तक्रारी त्या एका बदलानं गेल्या. त्याच बैठकीत फॉन्ट मोठा करा, डिस्प्ले साइजही एक घर वाढवा, स्क्रीन लवकर विझते तो वेळ दोन मिनिटांवर न्या (तीस सेकंदांत त्यांचा चष्मासुद्धा सापडत नाही), आडवं-उभं होणारं ऑटो रोटेट बंद करा, आणि अंगणात सहाच खुणा ठेवा. बाकी सगळं आत.

आता पहिलं पान, फोन उचलणे. हे सोपं आहे असं आपल्याला वाटतं पण मी दोन दिवस बसून पाहिलं तेव्हा कळलं की नाना कधी बरोबर उचलतात आणि कधी नाही यामागे कारण आहे, फोन दोन वेगळ्या तऱ्हेनं येतो! स्क्रीन बंद असेल तर एक चित्र, आपण आत काही बघत असू तर दुसरं, आणि दोन्हीत बोटाची क्रिया वेगळी. त्यांनी एका वेळी शिकलेलं दुसऱ्या वेळी चालत नव्हतं आणि आम्ही म्हणत होतो कालच तर सांगितलं. तर पान असं लिहिलं:

फोन आला तर
आधी बघा, फोन झोपलेला होता की तुम्ही त्यात काही करत होतात.
झोपलेला होता: सगळ्या काचेवर नाव दिसेल. खाली हिरवा रिसीव्हर. त्यावर बोट टेकवा, उचलू नका, तसंच वर न्या.
काही करत होतात: वरच्या काठाला छोटी पट्टी येईल. हिरव्यावर कुंकवाचं बोट. सरकवायचं नाही.
पट्टी निघून गेली पण घंटी वाजतेय: वरच्या काठावरून खाली ओढा, पट्टी परत दिसेल.
सुटला तर सुटला. ते परत करतील.

शेवटची ओळ लिहा, जरूर लिहा. त्यांचा हात घाईनं थरथरतो, ती घाई त्या ओळीनं जाते. काही फोनमध्ये वर न्यायच्या ऐवजी बाजूला सरकवायचं असतं, काहींमध्ये आवाज वाढवायचं बटण दाबूनही उचलायची सोय फोनच्या सेटिंगमध्ये असते, ती असेल तर आधी तीच लावून द्या, खरं बटण बोटाला कळतं.

व्हॉट्सॲपचं पान आमच्याकडे तीनदा लिहावं लागलं. आईंना लिहिण्यापेक्षा बोलून पाठवायला आवडतं, माइकवर ठसा द्यायचा, बोलायचं आणि सोडायचं. बोट थकतं म्हणून मी शिकवलं की दाबून वर सरकवा, कुलूप लागेल, मग मोकळ्या हातानं बोला. आई बडोद्याच्या आत्यांना बोलल्या, फोन ओट्यावर ठेवला आणि कामाला लागल्या. थोड्या वेळानं कसलंसं बटण दाबलं गेलं आणि आत्यांना अकरा मिनिटांचा निरोप पोचला: पहिलं दीड मिनिट तब्येतीचं, मग कुकरच्या चार शिट्या, मग नानांना "जिरावण संपलंय, येताना आणा, आणि ते मागच्या वेळचं नको" (जिरावण म्हणजे पोह्यांवरचा आमचा इंदुरी मसाला), मग नळाचं पाणी. आत्यांनी तो पूर्ण ऐकला, म्हणाल्या मला वाटलं मी इंदुरात तुमच्या स्वयंपाकघरातच बसलेय, असेच पाठवत जा. पण पानात ओळ वाढवली: "बोलून झालं की कागदी विमानावर बोट. विमान उडालं की निरोप गेला." आणि खोडण्याबद्दल एक ओळ, चुकीच्या माणसाला गेलं तर साधारण दोन दिवसांच्या आत "सर्वांसाठी हटवा" करता येतं, "माझ्यासाठी हटवा" केलं तर फक्त आपल्याकडचं जातं आणि समोरच्याकडे तसंच राहतं. व्हिडिओ कॉल कानाला लावायचा नाही हेही लिहिलं, कारण पुण्याच्या नणंदेला बरेच दिवस आईंच्या कानातली नुसती कुडी दिसायची.

पैशाचं पान मात्र लाल पेननं आणि वहीच्या पहिल्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवा, कारण इथे हसण्यासारखं काही नाही. यात फार थोडं लिहा. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, कुणी म्हणालं पैसे येणारेत पिन टाका तर तो चोर. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकवाल्यालाही नाही. कुणी सांगितलं म्हणून नवं ॲप घ्यायचं नाही, त्यातून आपली स्क्रीन त्याला दिसू शकते. व्हिडिओवर पोलीस दिसला आणि म्हणाला तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय तर फोन ठेवून द्यायचा, असं काही कायद्यात नाहीच. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच मिनिटाला १९३० ला फोन, मग आम्हाला. जितका लवकर फोन तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आमच्या पानावर मी "तुम्हाला कुणी रागावणार नाही" असंही लिहिलंय, कारण माणसं रागावतील म्हणून लपवतात आणि तेवढ्यात वेळ जातो. पिन मात्र वहीत लिहायचा नाही. नानांनी त्यांचा पिन स्वतः ठरवला आणि मलाही सांगितला नाही, बरोबर केलं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. तो ऑनलाइन द्यायची सरकारी सोय, जीवन प्रमाण, २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि २०२१ पासून ते काम नुसत्या चेहऱ्यावर घरून करता येतं, बोटाचे ठसे उमटत नाहीत अशा वयाला ही मोठीच सोय आहे. ऐंशी पूर्ण झालेल्या केंद्राच्या पेन्शनरांना एक ऑक्टोबरपासूनच देता येतो, नाना अठ्ठ्याहत्तरचे म्हणून आम्ही नोव्हेंबरात. दोन ॲप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि एक आधार फेस आरडी, दुसरं उघडायला गेलं तर अंगणात नीट दिसतही नाही, ते मागे राहून काम करतं, तेव्हा ते गेलं कुठे म्हणून पुन्हा पुन्हा शोधू नका. आधार नंबर, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा नंबर), बँकेचा खाते नंबर आधी एका कागदावर काढून ठेवा.

सगळ्यात गोंधळ हा की ॲप आधी "ऑपरेटर"चा चेहरा मागतं आणि मग पेन्शनरचा. नाना म्हणाले ऑपरेटर म्हणजे दुकानातला मुलगा, तो कुठाय? ऑपरेटर म्हणजे जो फोन चालवतोय तो, पेन्शनर स्वतःच ऑपरेटर होऊ शकतात, मग त्यांचाच चेहरा दोनदा जातो, एवढंच. आणि ते डोळे मिचकवा म्हणतं. नानांनी डोळे मिटले, आरतीनंतर मिटतो तसे, आणि मिटूनच ठेवले. पुन्हा. पुन्हा. मी म्हटलं नाना, डोळ्यात कचरा गेल्यावर करतो तसं, उघड-झाप, तर ते इतक्या वेगानं करायला लागले की आई हसून हसून पाटावर बसल्या आणि नानाही हसले, आणि हसताना चेहरा हलला. शेवटी खुर्ची फिरवली, तोंड गॅलरीच्या उजेडाकडे, पाठीमागे पांढरी भिंत, चष्मा काढून, फोन मी धरला डोळ्यांच्या उंचीवर, आणि सांगितलं दोनदा, सावकाश. पहिल्याच वेळी झालं. उजेड समोरून हवा, मागे खिडकी असेल तर काही केल्या घेत नाही. मग एसएमएसनं प्रमाण आयडी येतो, तो वहीत तारखेसकट लिहा. घरी जमलंच नाही तर पोस्टमन घरी येऊन करून देतात, पोस्टात विचारा.

टीव्हीसाठी पान नको, रिमोटच बदला. टीव्हीचा रिमोट वेगळा, सेट टॉप बॉक्सचा वेगळा, दोन्ही काळे. बॉक्सच्या रिमोटला आम्ही राखीचा धागा बांधलाय आणि टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंद आणि सोर्स सोडून सगळ्यावर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी लावलीय. "नो सिग्नल" आलं म्हणजे टीव्ही बिघडला नाही, बहुतेक चुकून सोर्स बदललाय, एचडीएमआय परत निवडा. आणि रिमोटचे सेल गेलेत का हे बघायची युक्ती नानांना इतकी आवडली की त्यांनी सगळ्या आळीला दाखवली: मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याकडे, बटण दाबा, डोळ्याला न दिसणारा उजेड स्क्रीनवर जांभळट पांढरा लुकलुकताना दिसतो. दिसला तर सेल बरे आहेत.

वॉशिंग मशीनबद्दल एकच. आपल्याकडे नर्मदेचं पाणी बऱ्याच भागात एक दिवसाआड येतं, वरची टाकी रिकामी असली की मशीन थांबतं आणि काहीतरी दोन अक्षरं दाखवून पीं पीं करतं. मेकॅनिकला बोलवायच्या आधी टाकी बघा. आणि कुठलंच बटण चालत नसेल तर चाइल्ड लॉक लागलंय, ज्या बटणावर कुलपाचं चित्र आहे ते थोडा वेळ दाबून धरा.

पान लिहून झालं की तपासायचं कसं? आपण लिहिलं ते आपल्याला बरोबरच वाटतं. म्हणून ज्यांच्यासाठी लिहिलं नाही अशा कुणाला तरी द्या. मी काकूंना बसवते, तोंडातून एक शब्द काढत नाही, त्या मोठ्यानं वाचत वाचत करतात आणि जिथे थांबतात तिथे खूण करते. त्या थांबल्या तर वाक्य बदलायचं, त्यांना समजावत बसायचं नाही. पानावर पेन्सिलनं तारीखही घाला कारण अपडेट आलं की खुणा जागा बदलतात, तेव्हा ते पान फाडून नवीन.

डावी पानं आता भरत आलीयत. गेल्या आठवड्यात काकूंचा फोन बोलायला लागला तेव्हा मी घरी नव्हते, नानांनीच जाऊन बंद करून दिला आणि त्यांच्या वहीत स्वतःच्या वळणदार अक्षरात पान लिहून आले. मी आमच्या वहीत "तीन सेकंद दाबा" लिहिलं होतं. नानांनी लिहिलं, "फोन बोलू लागल्यास घाबरू नये. आवाजाची दोन्ही बटणे एकदम दाबून सावकाश राम, राम, राम म्हणावे. तिसऱ्या रामाला बाई थांबते." मी आमचं पान खोडून तेच उतरवून घेतलंय.